आधी उतरायला शिका



मी रायपूरहून आलोय. छत्तीसगडमधलं रायपूर. तिथे तात्यापारा नावाच्या भागात आमचं घर आहे आणि घरापासून चालत पाच मिनिटांवर माझं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. 'पारा' म्हणजे छत्तीसगडीत मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांचं राज्य छत्तीसगडात होतं, तेव्हापासून मराठी माणसं तिकडे येत राहिली आणि तिथलीच झाली. आम्ही घरात मराठी बोलतो, गॅरेजात हिंदी आणि भाजीवाल्याशी छत्तीसगडी. त्यामुळे बोलताना मधूनच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या.

तुमच्यापैकी कुणी रायपूरला आलं असेल तर शारदा चौकातून तात्यापारा चौकाकडे येताना नक्की अडकलं असेल. हा रस्ता रुंद होणार, असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. तिथून दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून गाडी काढणं हीच मोठी कसरत आहे. आणि अशा गल्लीतला मी आज तुमच्याशी बोलणार आहे ते एक चाक हवेत उचलण्याबद्दल. म्हणजे व्हीलीबद्दल. मोटारसायकलचं पुढचं चाक उचलायचं आणि नुसत्या मागच्या चाकावर गाडी चालवायची. आमच्याकडची पोरं म्हणतात, "चक्का उठाना."

इथे बसलेल्या आईबाबांच्या कपाळावर आठ्या पडलेल्या दिसतायत मला. आणि मागच्या रांगेतली पोरं एकदम सरसावून बसलीत. मला दोघांशीही बोलायचंय.

आधी माझी गोष्ट सांगतो. २००४ साली 'धूम' आला. मी तेव्हा सतरा वर्षांचा. पुण्याच्या बजाजची पल्सर २००१ सालीच आली होती, पण गाडी हा नुसता कामाला जायचा प्रकार नसून मिरवायची गोष्ट आहे, हे आमच्या डोक्यात त्या सिनेमाने घातलं. थिएटरमधून बाहेर पडल्यावर स्टँडवर एकही पोरगा गाडी सरळ काढत नव्हता. प्रत्येकजण रेस देऊन काढत होता.

पुढच्या वर्षी मला लायसन्स मिळालं. एका मित्राच्या मोठ्या भावाची १५० सीसी गाडी होती. आम्ही तिघं पहाटे ती घेऊन शहराबाहेर मानाच्या बाजूला जायचो, जिकडे विमानतळ आहे. शिकवणारं कुणी नव्हतं. कुणाच्या तरी चुलतभावाने सांगितलेलं एवढंच माहीत होतं: पहिला गिअर टाक, क्लच दाब, रेस दे, क्लच झटकन सोड. बस. चाक वर कसं न्यायचं ते सगळ्यांना माहीत होतं. वर गेल्यावर काय करायचं, ते कुणीच विचारलं नव्हतं.

आठ-दहा दिवस चाक वीतभर उठायचं आणि धाडकन खाली यायचं. मग एका सकाळी ते उठलं, आणि उठतच गेलं. मला पुढचा रस्ता दिसेना, नुसता दिवा आणि आकाश. मी मागे कलंडलो. पडायच्या भीतीने माणूस काय करतो? हातात असेल ते घट्ट धरतो. माझ्या उजव्या हातात होता ॲक्सिलरेटर. मी मागे जाताना तो आणखी पिळला गेला.

मी पाठीवर पडलो. माझं वजन गेल्याबरोबर गाडीचं पुढचं चाक खाली आलं, आणि गाडी माझ्याशिवाय पुढे चालत राहिली. समोरून एक भाजीवाला सायकलवरून येत होता. कॅरिअरला दोन्हीकडे टोपल्या. गाडी त्याच्यापासून दोन हातांवरून गेली आणि रस्त्याच्या कडेला नालीत पडली.

त्या माणसाने सायकल आडवी टाकली आणि तो माझ्याकडे धावत आला. मला बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि विचारलं, "जादा तो नइ लागिस, बाबू?" फार नाही ना लागलं? ज्याला मी मारलंच होतं जवळजवळ, तो मला विचारत होता, लागलं का. त्याचे टोमॅटो रस्त्यावर सांडले होते. ते कुणी गोळा केले, मला आठवत नाही.

माझं उजवं मनगट आणि गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते, कमी बोलणारे. ते ओरडले नाहीत. एकदाच म्हणाले, "तुला काही झालं असतं तर आम्ही रडलो असतो. त्याला काही झालं असतं तर त्याच्या घरी काय सांगितलं असतंस?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही नाही.

आता तुम्ही म्हणाल, इथे गोष्ट संपली. पोरगा शहाणा झाला. तसं झालं नाही. प्लॅस्टर निघालं आणि माझ्या डोक्यात तेच: चाक वर का गेलं? खाली का आलं नाही? शिक्षणात माझं लक्ष नव्हतंच, पण हा प्रश्न मला एका गॅरेजात घेऊन गेला. तिथे मी उस्तादांच्या हाताखाली काम शिकलो. चाकाचं उत्तरही तिथेच मिळालं. ते तुम्हाला सांगतो, सोपं आहे.

बस एकदम सुटली की उभा माणूस मागे जातो. पाय बसबरोबर पुढे जातात, अंग मागे राहतं. मोटारसायकलचंही तसंच. मागचं चाक जमिनीला मागे ढकलतं, त्यामुळे जमीन गाडीला पुढे ढकलते. हा धक्का लागतो खाली, जमिनीपाशी. आणि गाडीचं आणि तुमचं मिळून वजन असतं वर, कमरेच्या आसपास. धक्का खाली, वजन वर, म्हणून सगळं मागे कलंडायला बघतं. धक्का पुरेसा मोठा असेल तर पुढचं चाक उठतं.

किती मोठा? १५० सीसीच्या गाडीत दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर साधारण १.३ मीटर असतं. चालवणारा बसला की सगळं वजन ढोबळमानाने त्याच्या मध्यावर येतं, म्हणजे मागच्या चाकापासून ६५ सेंटिमीटर पुढे. आणि जमिनीपासून जवळपास तेवढंच वर. हिशेब केला तर नुसत्या रेसवर चाक उचलायला जो जोर लागतो, तो अशा गाडीच्या इंजिनात नाही. म्हणून पोरं क्लच झटकन सोडतात. क्लचच्या धक्क्याने चाक उठतं, आणि पहिल्या गिअरमध्ये ते किती उठेल हे शिकाऊ पोराच्या हातात राहत नाही.

पुढचं ऐका, कारण खरी मेख इथे आहे. चाक वर जाईल तसं वजन मागे सरकत जातं. आत्ताच्या आकड्यांनी बघितलं तर गाडी साधारण ४५ अंशांवर आली की सगळं वजन बरोब्बर मागच्या चाकावर येतं. गाडीनुसार आणि बसण्यानुसार थोडं इकडेतिकडे. तोलाची जागा म्हणतात ती हीच. त्याच्या अलीकडे असाल तर रेस सोडली की चाक खाली येतं. त्याच्या पलीकडे गेलात तर नुसती रेस सोडून भागेलच असं नाही. गाडी तुमच्या अंगावर येते. मी त्या सकाळी तिथे पोचलो होतो.

तिथून परत आणणारी एकच गोष्ट आहे. मागचा ब्रेक. मागचं चाक अडलं की धक्क्याची दिशा उलटी होते आणि पुढचं चाक खाली येतं. बस थांबताना तुम्ही पुढे जाता ना, तसं. आपल्याकडच्या मोटारसायकलींना मागचा ब्रेक उजव्या पायाशी असतो. त्या सकाळी माझा उजवा पाय कुठे होता? हवेत. तोल सांभाळायला मी दोन्ही पाय पसरले होते. मला वाचवणारी एकच गोष्ट होती, आणि तिच्यावरून मीच पाय काढला होता.

हे मला कुणी शिकवलं? जबलपूरला सैन्याच्या सिग्नल्स कोरचं केंद्र आहे. तिथल्या 'डेअर डेव्हिल्स' पथकाच्या मोटारसायकल कसरती तुम्ही २६ जानेवारीला टीव्हीवर पाहिल्या असतील. सिग्नल्समधून निवृत्त झालेले एक हवालदार आमच्या उस्तादांकडे आपली जुनी बुलेट घेऊन यायचे. मी त्यांना माझी फजिती सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "बेटा, तू चढना सीखने गया था. पहले उतरना सीखते हैं."

त्यांनी मला बंद गाडीवर बसवलं. डोळे मिटायला लावले. ते मागून सीट हलवायचे, आणि सीट हलली की मी ब्रेक दाबायचा. पाय उचलायचा नाही, कायम ब्रेकवर ठेवलेलाच. पंधरा दिवस एवढंच. मला लाज वाटायची, गॅरेजातली पोरं हसायची. मग एका कुंपणाच्या आवारात, मालकाला विचारून, चालण्याच्या वेगाने. चाक चार बोटं उठलं की ब्रेक. परत चार बोटं, परत ब्रेक. महिनाभर त्यांनी मला वीतभर चाक उचलू दिलं नाही. त्यांचा नियम होता: जितकं खाली आणता येतं, तितकंच वर न्यायचं.

आणि एक सांगू? नीट जमायला लागल्यावर कळलं की ही वेगाची गोष्टच नाही. जपानच्या यासुयुकी कुदो यांनी १९९१ साली एका छोट्या ट्रायल बाइकवर एका चाकावर ३३१ किलोमीटर अंतर कापलं. मुंबईहून पुण्याला जाऊन परत आल्यासारखं, एका चाकावर! त्यात ताकद किती आणि धीर किती, तुम्हीच ठरवा.

आता आजच्या गोष्टीकडे येतो.

चार वर्षांपूर्वी एका रात्री वहिनीचा फोन आला. "भाऊजी, जरा येता का? ह्याच्या गाडीचं काहीतरी झालंय." ह्याच्या म्हणजे माझ्या पुतण्याच्या. वय पंधरा. गाडी दादाची. मी गेलो. नंबर प्लेट वर दुमडलेली. मागचा दिवा फुटलेला. पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळत होतं. हँडल फिरवलं तर कोनसेट खडखड करत होता. वहिनीला वाटत होतं, गाडी स्टँडवरून पडली. पण मेकॅनिकला गाडी खोटं सांगत नाही. उचललेलं चाक रोज धाडकन आपटलं की पुढचे ऑइल सील जातात, कोनसेट जातो, क्लच प्लेटा जळतात. आणि दिवा फुटला होता, म्हणजे गाडी एकदा तरी मागे टेकली होती. म्हणजे पोरगं तोलाच्या पलीकडे जाऊन आलं होतं.

मी पुतण्याला विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "नवा रायपूरला." आमच्याकडे नवी राजधानी झालीय. मोठे, गुळगुळीत, मोकळे रस्ते. रात्री तिथे कोण बघतंय?

माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक, दादाला सांगायचं. दादा हातातली चावी काढून घेईल, दोन थोबाडीत देईल. मग पोरगं मित्राच्या गाडीवर जाईल. मला ठाऊक होतं, कारण मी मित्राच्याच गाडीवर गेलो होतो. दुसरा, आपणच शिकवायचं. पण पंधरा वर्षांच्या पोराला मोटारसायकल शिकवणार कशी? गिअरच्या गाडीचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं.

कायदा इथे नीट समजून घ्या, आईबाबांनी तर खास. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. कलम १९९अ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मोठ्यांनी रस्त्यावर असले प्रकार केले तर कलम १८४, धोकादायक चालवणं. पहिल्याच वेळेला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

मी पुतण्याला दंड सांगितला. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. पंधराव्या वर्षी दंडाची भीती कुणाला असते? मग मी त्याला भाजीवाल्याची गोष्ट सांगितली. ती मी घरात कुणाला पूर्ण सांगितलेली नव्हती. सांगताना माझा आवाज बसला. तो गप्प झाला. मग म्हणाला, "काका, पण मला शिकायचंय."

मी म्हटलं, "शिकवतो. सायकलवर."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण सायकलला तोच नियम लागू आहे. तीच तोलाची जागा, तोच मागचा ब्रेक, फक्त तो पायाऐवजी हाताशी. आणि सायकलवरून मागे गेलं तर माणूस बहुतेक वेळा पायावर उतरू शकतो. मी त्याला हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड घालायला लावले. ओळखीच्या एका गृहस्थांच्या गोदामामागे कुंपण घातलेलं आवार आहे, तिथे रविवारी सकाळी जायचो. अट एकच: मोटारसायकलला अठरा पूर्ण होईपर्यंत हात नाही. आणि गाडी दुरुस्त करायची ती त्याने, माझ्या गॅरेजात, शाळेनंतर. ऑइल सील बदलताना त्याला कळलं की एका आपटण्याची किंमत किती तास असते. वहिनीला सगळं खरं सांगायचं, हे त्यानेच ठरवलं. दादाने थोबाडीत दिलीच, ते सोडा.

पहिले तीन आठवडे त्याचं बोट ब्रेकवर वेळेत पोचायचंच नाही. घाबरलं की बोटं मूठ करायची. चौथ्या रविवारी तो मागे गेला, ब्रेक दाबला गेला, चाक खाली आलं, आणि तो तसाच सायकल चालवत माझ्यापाशी येऊन थांबला. "काका, उतरलो!" चढलो म्हणाला नाही, उतरलो म्हणाला. मला हवालदारसाहेबांची आठवण आली.

आज तो एकोणीस वर्षांचा आहे. लायसन्स आहे. त्याच आवारात आता मोटारसायकलवर सराव करतो, अंगभर गिअर घालून, मी समोर उभा असताना. तो रस्त्यावर कधीच चाक उचलत नाही, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. रात्री माझी नजर तिथे पोचत नाही. पण त्याच्या गाडीचा कोनसेट मी दर महिन्याला तपासतो. आतापर्यंत तो खडखडला नाही.

पोरांनो, आता तुमच्याशी. हा खेळ आहे, आणि खेळाला मैदान असतं. २०२४ च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची फेरी झाली. तिथे गाड्या हवेत उडतात. पण तिथल्या रायडरच्या समोरून कुणी टोपल्या घेऊन येत नाही. रस्त्यावर काय होतं, तेही ऐका. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. चाक वर असताना तुम्हाला हँडल वळवता येत नाही, कारण वळवायचं चाकच हवेत आहे. पुढचा ब्रेक कामाचा नाही. समोरचं धड दिसत नाही. म्हणजे त्या ११ मीटरांत कोण आलं, हे तुमच्या हातात नाही. तुम्ही तुमचा जीव धोक्यात घालायचं ठरवलं असेल. समोरच्याने ठरवलेलं नाही. त्याला कुणी विचारलेलं नाही.

आणि आईबाबांनो, तुमच्याशी. चावी काढून घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि अठराच्या आत तर ते कर्तव्यच आहे. पण चावी काढून घेतल्यावर दार लावून घेऊ नका. त्याला विचारा, तुला नक्की काय शिकायचंय? आणि ते नीट शिकवणारं कुणी आहे का, बघा. आमच्या वेळी कुणी विचारलं असतं, तर मानाच्या रस्त्यावर ती सकाळ आलीच नसती.

मी त्या भाजीवाल्याला नंतर शोधला. प्लॅस्टर निघाल्यावर पहाटे त्याच रस्त्यावर कितीदा तरी जाऊन उभा राहिलो. सायकलवाले खूप आले, तो आला नाही. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. म्हणून त्याला जे सांगायचं होतं, ते मी आता प्रत्येक शिकणाऱ्या पोराला सांगतो. पाय ब्रेकवर ठेव. वर कसं जायचं ते नंतर बघू. आधी उतरायला शिक.